गाठीचं वजन नको, नाव विचारा

आमच्याकडे पोराचा गुडघा दुखायला लागला की कारणं आधीच ठरलेली असतात. कबड्डीत पडला असेल. भरतीची प्रॅक्टिस जास्त झाली असेल. नाहीतर घरातली म्हातारी सांगते, वाढीचं वय आहे, हाडं वाढताना दुखतातच. उपायही ठरलेले. आधी बाम, मग मेडिकलवाल्याकडची गोळी, मग शेक, मग हाडवैद्य. चार-सहा आठवडे असेच निघून जातात.

लोणी काळभोरात पहाटे कालव्याच्या कडेनं चक्कर मारली तर पोलीस भरती आणि लष्कर भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळताना दिसतात. संध्याकाळी मैदानावर कबड्डी असते. आषाढात तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांचे पाय चोळून द्यायला गावातली पोरं रांगेत बसतात. थोडक्यात काय, गुडघा दुखणं आणि तो चोळणं या दोन्ही गोष्टी आपल्याकडे रोजच्या आहेत. यातल्या बहुतेकांचं दुखणं खरंच ताणाचं, मुरगळण्याचं असतं आणि आठ-पंधरा दिवसांत जातं. म्हणून ही पोस्ट वाचून कुणी घाबरून जाऊ नका.

पण यातलाच एखादा वेगळा असतो. त्याच्यासाठी हे लिहितोय.

हाडातून किंवा स्नायू, चरबी, नसा अशा मऊ भागातून सुरू होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण एक टक्का धरतात. लहान मुलांत आणि वयात येणाऱ्या पोरांत प्रमाण जास्त आहे, तरी दुर्मीळच. आणि हीच खरी अडचण आहे. तोंडाचा कॅन्सर आपल्या डॉक्टरांनी शेकड्यानं बघितलेला असतो. हाडाचा मूळ कॅन्सर गावातल्या डॉक्टरला सगळ्या प्रॅक्टिसमध्ये एखाद-दुसरा दिसतो, कधी दिसतही नाही. जे कधी दिसलंच नाही ते पटकन मनात कसं येणार? यात डॉक्टरचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीवरचे एक गृहस्थ माझ्याकडे एक्स-रेचं पाकीट घेऊन आले. पोरगा सोळा वर्षांचा, कबड्डी खेळणारा. उजव्या गुडघ्याच्या वर दुखत होतं. पडल्याचं निमित्त झालं होतं. दोन महिन्यांत बाम, गोळ्या, मालिश सगळं करून झालं होतं.

"दादा, तुमची पुण्यात ओळख असती. हे एकदा कुणाला तरी दाखवा. फ्रॅक्चर नाही म्हणलेत, पण पोरगं रात्रीचं झोपत नाही."

माझा डिप्लोमा पत्रकारितेचा. एक्स-रे उजेडात धरला तरी मला त्यातलं काही कळत नाही. पण एक गोष्ट मलाही दिसली. त्या फिल्मसोबत रिपोर्टच नव्हता. पाकिटावर पेननं 'फ्रॅक्चर नाही' एवढं लिहिलेलं. तेही खरंच होतं. फ्रॅक्चर नव्हतंच. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका सेंटरचा नाही.

पुण्यातले एक हाडाचे डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी मोबाईलवरचा फोटो बघायला नकार दिला, मूळ फिल्म मागवली. फिल्म बघून त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मालिश आजपासून बंद. कुणी सुरी लावायची नाही, सुईसुद्धा नाही. आधी एमआरआय. आणि मग थेट परळ.

त्यांना काय दिसलं, हे मी नंतर सवडीनं विचारून घेतलं. पुढेही दोन-तीन वर्षांत जिथं जिथं डॉक्टर भेटले तिथं विचारत गेलो. त्यातलं जे आपल्यासारख्याला समजेल ते इथं मांडतो.

एक्स-रे वाचणारा जाणकार माणूस नुसतं तुटलंय का एवढंच बघत नाही. त्याचे प्रश्न असे असतात. पेशंटचं वय काय? कुठलं हाड? हाडाचं टोक की मधला दांडा? डाग आहे तो कडेला रेखीव आहे, की कुठं संपतो तेच कळत नाही? हाडाच्या वरचं आवरण काय करतंय? आणि डागाच्या आत काय भरलंय, नवं हाड, कुर्चा की काहीच नाही?

यातला आवरणाचा प्रश्न फार महत्त्वाचा. प्रत्येक हाडावर एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याला नवं हाड बनवता येतं. आतली गाठ हळू वाढत असेल तर हाडाला तिच्याभोवती भिंत घालायला सवड मिळते. एक्स-रेत डागाला पांढरी, ठळक कड दिसते. हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण. गाठ जोरात वाढत असेल तर भिंत पुरी व्हायच्या आत ती पुढे सरकते. कालव्याला भगदाड पडल्यावर बांध घालत बसल्यासारखं. मग आवरण उचललं जातं, त्याखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात, किंवा सूर्याच्या किरणांसारख्या रेघा बाहेर येतात, किंवा उचललेल्या आवरणाच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणाला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. त्या पोराच्या फिल्ममध्ये गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडाला हा त्रिकोण होता.

वय आणि जागा या दोन गोष्टींवरून निम्मा अंदाज बांधला जातो. दहा ते वीस वर्षांचं पोर, गुडघ्याच्या वर किंवा खाली नाहीतर खांद्याजवळ, हाडाच्या टोकाकडं गाठ असेल तर ऑस्टिओसार्कोमाची शंका पहिली. हाडं सगळ्यात जास्त वाढतात त्याच या जागा. तसंच वय पण हाडाचा दांडा किंवा कमरेचं हाड, जोडीला ताप, रक्ताचा ईएसआर वाढलेला, असं असेल तर युइंग सार्कोमा मनात यायला हवा. हा फसवा असतो, कारण दिसतो अगदी हाडात पू झाल्यासारखा. वीस ते चाळीस वयात हाडाच्या अगदी टोकाला, सांध्याला लागून पोकळ डाग असेल तर जायंट सेल ट्यूमर. हा सहसा दूर पसरत नाही, पण सांधा खाऊन टाकतो. उतारवयात कमरेच्या किंवा मांडीच्या हाडात कुर्चेची गाठ, म्हणजे काँड्रोसार्कोमा. आणि चाळिशीनंतर हाडात डाग दिसला तर मूळ हाडाच्या कॅन्सरपेक्षा दुसरीकडून आलेला कॅन्सर जास्त संभवतो. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी, थायरॉइड. किंवा मग रक्तातल्या पेशींचा मायलोमा.

एक गोष्ट दिलाशाचीही सांगतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची एक छोटीशी साधी गाठ असते, दीड-दोन सेंटिमीटरच्या आतली. पोरगं रात्री ठणक्यानं रडतं आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीनं शांत झोपतं. सीटी स्कॅनवर ती नेमकी दिसते आणि सुई घालून उष्णतेनं जाळता येते. कॅन्सर नाही, काही नाही. म्हणजे रात्रीचं दुखणं कॅन्सरचंच असतं असं नाही. पण रात्रीचं दुखणं तपासायला हवं एवढं नक्की.

वाढीचं दुखणं ओळखायची खूणही डॉक्टरांनी सांगितली. ते साधारण दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी-रात्री येतं, सकाळी पोर उड्या मारतं, सूज नसते आणि पोर लंगडत नाही. एकाच पायाला, एकाच जागी, दिवसेंदिवस वाढत जाणारं आणि झोपेतून उठवणारं दुखणं वाढीचं नसतं.

मार लागल्याचं निमित्त तर कित्येक पेशंटच्या गोष्टीत असतं. कॅनडाचा टेरी फॉक्स अनेकांनी ऐकला असेल, त्याच्या नावानं मुंबईतही दौड झालेली आहे. १९७६ साली गाडीच्या अपघातात त्याचा उजवा गुडघा दुखावला. पुढे गुडघा दुखत राहिला तेव्हा त्याला वाटलं तो अपघाताचाच मार आहे. १९७७ मध्ये निदान झालं ऑस्टिओसार्कोमाचं. अठराव्या वर्षी पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. मारामुळे कॅन्सर होत नाही. मारामुळे तिकडं लक्ष जातं, आणि मारालाच कारण मानलं की लक्ष तिथंच अडकून बसतं.

आता पुढची पायरी. एक्स-रेवर शंका आली की एमआरआय. त्यात गाठ हाडाच्या आत किती लांब गेली, बाहेर स्नायूत किती आली, रक्तवाहिनी आणि नस किती जवळ आहे हे कळतं. एमआरआय नुसत्या गुडघ्याचा न करता अख्ख्या हाडाचा करतात, कारण त्याच हाडात दूरवर दुसरा छोटा डाग असू शकतो. छातीचा सीटी स्कॅन करतात, कारण हा आजार पसरला तर आधी फुप्फुसात जातो. हे सगळं तुकडा काढायच्या आधी करायचं. तुकडा काढल्यावर तिथं रक्त साचतं आणि मग एमआरआयवर गाठ कुठली आणि रक्त कुठलं हे सांगणं अवघड होतं.

मग बायोप्सी. आपल्याकडे एक समज पक्का आहे की सुई टोचली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. या भीतीनं माणसं निदानच टाळतात. यातलं खरं एवढंच आहे की सुई ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून ती वाट कुठून काढायची हे पुढं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच ठरवायचं असतं, म्हणजे शेवटी गाठीसोबत ती वाटही कापून काढता येते. हातापायावर चीर घ्यायचीच झाली तर ती उभी घेतात, आडवी नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेनं, भलत्याच माणसानं तुकडा काढला तर वाचण्यासारखा पाय घालवावा लागू शकतो.

हे मी मनचं सांगत नाही. हेन्री मॅनकिन नावाच्या बॉस्टनच्या सर्जननं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ३२९ पेशंटच्या बायोप्सी तपासल्या. १८ टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये निदानाची मोठी चूक होती. १५ जणांचा हात किंवा पाय विनाकारण कापला गेला होता. चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा ५९७ पेशंट तपासले. चुका जवळपास तेवढ्याच, १७.८ टक्के. आणि दोन्ही वेळा दिसलं तेच: जिथं पुढचा उपचार होणार त्या केंद्राऐवजी आधीच्या दवाखान्यात बायोप्सी झाली असेल, तर चुका कितीतरी पट जास्त. ही अमेरिकेची गोष्ट आहे, जिथं मशीनची कमतरता नाही.

तुकडा निघाल्यावर तो जातो पॅथॉलॉजिस्टकडं. हा डॉक्टर पेशंटला कधी भेटत नाही, त्यामुळं आपल्याला तो माहीतच नसतो. 'लॅबमधून रिपोर्ट आला' म्हणतो आपण, जणू मशीनमधून पावती निघाली. प्रत्यक्षात काय होतं बघा. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, नाहीतर तो सडतो. हाडाचा तुकडा असेल तर तो कापता येत नाही, म्हणून आधी त्यातला चुना काढून टाकावा लागतो. तो आम्लात किंवा ईडीटीए नावाच्या द्रावणात काही दिवस ठेवतात. घाईनं कडक आम्ल वापरलं तर पुढच्या जनुकीय तपासण्यांसाठी तो तुकडा बाद होऊ शकतो. म्हणून हाडाचा रिपोर्ट उशिरा येतो. रोज फोन करून लॅबवाल्याला शिव्या देऊ नका. मग मेणात बसवून त्याचे केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट पातळ काप काढतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

ऑस्टिओसार्कोमात त्यांना बेढब पेशी आणि त्या पेशींनीच विणलेलं गुलाबी, जाळीदार कच्चं हाड दिसतं. युइंगमध्ये सगळ्या पेशी लहान, गोल, निळ्या. पण लहान गोल निळ्या पेशी आणखी चार-पाच आजारांतही असतात. मग वेगवेगळी रसायनं लावून कुठली पेशी तपकिरी होते हे बघायचं, आणि तरी शंका राहिली तर जनुकांची अदलाबदल तपासायची. युइंगमध्ये ११ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात. सायनोव्हियल सार्कोमात एक्स आणि १८. जायंट सेल ट्यूमरचाही स्वतःचा असा एक जनुकीय बदल सापडलेला आहे.

एवढं असूनसुद्धा नुसती स्लाइड बघून पॅथॉलॉजिस्ट फसू शकतो. हे ऐकून मला सगळ्यात नवल वाटलं. मार लागल्यावर स्नायूत कधीकधी हाड तयार होतं, किंवा मोडलेलं हाड जुळत असतं, तेव्हा तिथल्या पेशी इतक्या जोरात वाढत असतात की सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच वाटावा. एक्स-रे बघितला की उलगडा होतो. दुसरं उदाहरण. स्लाइडवर मोठ्या मोठ्या पेशी दिसल्या, वाटलं जायंट सेल ट्यूमर. पण रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. म्हणजे दोष गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा, हाडातली गाठ हा त्याचा परिणाम. ऑपरेशन गळ्यात करायचं, हाडाला हात लावायचा नाही. एक साधी रक्ततपासणी आणि अख्खा उपचार बदलला.

आणि आपल्या देशात तिसरं उदाहरण कायमचं, टीबी. हाडाचा टीबी आणि हाडाचा कॅन्सर एक्स-रेवर एकमेकांची सोंगं घेतात. म्हणून जाणकार सर्जन तुकड्याचे दोन भाग करतो. एक फॉर्मॅलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा फॉर्मॅलिनशिवाय, जंतूंच्या कल्चरसाठी आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठी. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू वाढवून बघता येत नाहीत. आमच्या भागातल्या एका बाईंना 'कॅन्सरच आहे' म्हणून घरच्यांनी रडून घेतलं होतं. निघाला मणक्याचा टीबी. गोळ्यांवर बऱ्या झाल्या.

हेन्री जॅफी नावाचे न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट होते. हाडांच्या गाठींवरचा त्यांचा १९५८ चा ग्रंथ आजही मानला जातो. त्यांच्या नावानं एक नियम सांगतात: हाडाच्या गाठीचं निदान सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांनी एकत्र बसून करायचं. त्याच्याही आधी, शंभर वर्षांपूर्वी, तो त्रिकोणवाला अर्नेस्ट कॉडमन हे ओळखून होता. तो बॉस्टनचा सर्जन. त्यानं न्यूयॉर्कचे जेम्स युइंग आणि बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड यांना सोबत घेऊन हाडांच्या सार्कोमाची एक नोंदवही सुरू केली. डॉक्टरांनी आपापल्या पेशंटची हकिकत, एक्स-रे आणि स्लाइड एकत्र पाठवायची. एकट्याकडं दोन-चार पेशंट येतात, त्यातून कुणीच शहाणं होत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

आपल्याकडं हे काम परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात होतं. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं हे हॉस्पिटल. त्याच्या प्रयोगशाळेचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, ज्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. या माणसाचं मला कौतुक वाटतं ते एका कारणानं. त्यांनी १९४५ मध्ये धोतराच्या कॅन्सरवर लिहिलं. कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधून जिथं कातडी घासते, तिथं होणारा कातडीचा कॅन्सर. स्लाइडवरची पेशी बघताना हा माणूस धोतर कसं नेसतो हेही विचारत होता. पुढं याच टाटात डॉ. निर्मला जांभेकर यांच्यासारख्या पॅथॉलॉजिस्टनी आणि डॉ. अजय पुरी यांच्यासारख्या सर्जननी हाडाच्या आणि मऊ भागांच्या गाठींवर काम केलं.

आमच्या वस्तीवरचं पोरगं तिथं पोचलं. बाप-लेक दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. बापाला पहिल्यांदा राग आला होता, "आठ दिवस झाले, नुसत्या तपासण्याच चाल्ल्यात." मी फोनवर समजावलं की उशीर होतोय तो नाव पक्कं करायला. नाव आलं, ऑस्टिओसार्कोमा. फुप्फुस स्वच्छ होतं.

१९७० च्या आधी या आजारात पाय कापला तरी पाचातला जेमतेम एक वाचायचा, कारण फुप्फुसात न दिसणारे कण आधीच गेलेले असायचे. केमोथेरपी आल्यावर चित्र बदललं. आजार पसरलेला नसेल आणि उपचार पुरा झाला, तर चांगल्या केंद्रांत दहातले सहा-सात वाचतात. आधी केमो देतात, मग ऑपरेशन. आणि काढलेलं हाड पुन्हा पॅथॉलॉजिस्टकडं जातं. तो बघतो गाठीचा किती भाग केमोनं मेला. नव्वद टक्के किंवा जास्त मेला असेल तर औषध लागू पडलं असं धरतात. म्हणजे निदानालाही तोच आणि निकालालाही तोच. पाय कापण्याऐवजी आजारी हाड काढून धातूचा सांधा बसवतात. परदेशी सांधे फार महाग, पण त्यांच्या तुलनेत स्वस्त असे देशी बनावटीचे सांधेही आता वापरात आहेत.

पोराचा पाय वाचला. कबड्डी गेली, भरतीही गेली. ठरलेल्या तारखांना परळला जाऊन छातीचा स्कॅन करून यावं लागतं, आणि तो रिपोर्ट हातात पडेपर्यंत घरात चूल नीट पेटत नाही. पूर्ण बरा झाला असं अजून कुणी म्हणत नाही. बारावीला बसलाय. ते दोन महिने मालिशीत गेले नसते तर काय झालं असतं, हे बापानं मला एकदा विचारलं. याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, म्हणून मीही दिलं नाही.

आता मऊ गाठींचं. या जास्त वेळा फसवतात, कारण चरबीची गाठ आपल्याकडं घरटी एकाला असते. ती बहुतेक वेळा निरुपद्रवीच असते. पण एका महिलेच्या मांडीतली गाठ 'चरबीचीच आहे' म्हणून एका दवाखान्यात भूल देऊन, आडवी चीर घेऊन काढली. ना सोनोग्राफी, ना एमआरआय. आणि काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नाही, कचऱ्यात गेली. आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा आली. यावेळी तपासली तर सार्कोमा. मग दुसरं ऑपरेशन दुप्पट मोठं, वर रेडिएशन. पहिल्या वेळचं काही कागदावर नाहीच, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला?

डॉक्टरांचा ठोकताळा सोपा आहे. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, म्हणजे साधारण लिंबाहून मोठी, किंवा खोल स्नायूत असेल, किंवा वाढत असेल, किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर आधी फोटो, मग सुईनं तुकडा, मग सुरी. दुखत नाही म्हणून ती साधी, हे गृहीत धरू नका. सार्कोमा बऱ्याचदा दुखत नाही.

आता आमच्या पेपरवाल्यांकडं येतो. तुम्ही बातम्या वाचता ना, 'महिलेच्या पोटातून अमुक किलोची गाठ काढली, दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी'? डॉक्टरांचा ग्रुप फोटो, समोर ट्रेमध्ये गाठ. वजन मथळ्यात. पण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काय आला हे शंभर बातम्या चाळल्या तरी सापडायचं नाही. बातमी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी येते आणि रिपोर्ट त्यानंतर. गाठीचं वजन छापतात, नाव कुणी छापत नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात मग तेच बसतं: गाठ निघाली, विषय संपला.

सार्वजनिक प्रश्न म्हणून मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली, एक्स-रेचा रिपोर्ट. फिल्म काढणारा तंत्रज्ञ असतो, वाचणारा रेडिओलॉजिस्ट. आपल्या भागात फिल्म मिळते, वाचन मिळत नाही. सरकारी व्यवस्थेत एक्स-रेची सोय साधारण ग्रामीण रुग्णालयापासून पुढे. आज फिल्म संगणकावर असते, ती जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा ससूनला पाठवून वाचून घेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. हे का होत नाही, हे जिल्हा परिषदेत आणि ग्रामसभेत विचारायला पाहिजे. रस्त्याचा आणि गटारीचा प्रश्न आपण विचारतोच की.

दुसरी, रिपोर्टवरची सही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. तुमच्याकडच्या रिपोर्टवर कुणाची सही आहे, स्कॅन करून चिकटवलेली आहे का, एकदा बघा.

तिसरी, काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला गेला पाहिजे. गाठ कितीही साधी वाटो. ऑपरेशनच्या हजारोंच्या बिलात त्या तपासणीची रक्कम फार मोठी नसते.

आणि घरी करण्यासारखं एवढंच:

१. एकाच जागी दुखणं, सूज, रात्रीचा ठणका तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर एक्स-रे, आणि लेखी रिपोर्ट.

२. तोपर्यंत मालिश, शेक, ओढाताण नाही. आजारी हाड मालिशीत मोडू शकतं.

३. एक्स-रेत शंका आली तर गावात तुकडा काढू नका. जिथं उपचार होणार तिथंच बायोप्सी.

४. फिल्म, सीडी, स्लाइड, मेणाचा ब्लॉक जपून ठेवा. दुसऱ्या मतासाठी स्लाइड आणि ब्लॉक मागता येतात. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात.

५. पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. २०२३ मध्ये सरकारनं ही योजना सगळ्यांसाठी आणि पाच लाखांपर्यंत करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा.

६. गाठ काढून झाली की डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा. 'साहेब, रिपोर्टमध्ये नाव काय आलं?' ते नाव लिहून घ्या.

आपापल्या गावच्या कबड्डी संघाच्या, तालमीच्या आणि भरती अकॅडमीच्या ग्रुपवर हे टाका. माझं नाव काढून टाकलं तरी चालेल. आणि हाडवैद्य मंडळींनाही दाखवा, अगदी आदरानं. पोरं आधी त्यांच्याकडंच जातात. रात्री न झोपणारं पोरगं समोर आलं तर 'आधी एक्स-रे काढून ये' एवढं त्यांनी म्हटलं तरी खूप झालं.